ओल्या पानांचे तास

हाताशी थोडा निवांत वेळ असेल तेव्हाच हे वाचायला घ्या. जमलं तर जमिनीवर मांडी घालून बसा. खुर्चीत असाल तर चपला काढून पाय फरशीला टेकू द्या. श्वासाचं वेगळं काही करायचं नाही, चाललाय तसा चालू दे. मनानं मात्र बरंच लांब जायचं आहे. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे, त्याच्याही पूर्व कडेला वॉशिंग्टन काउंटी. मे महिना नुकताच लागलाय. कोकणात आंबा उतरवायची धांदल असते त्या दिवसांत इथे झाडांना अजून पालवी नाही. सकाळी अंगात गारठा भरतो, आणि अटलांटिकवरून आलेलं धुकं उशिरापर्यंत हलत नाही.

समोर पसरलंय ते शेत आहे, असं कुणी सांगितलं तर पटणार नाही. सरी नाही, वाफा नाही, बांध नाही. मोठमोठे धोंडे मध्येच पडलेत. हिमयुग ओसरताना हिमनद्यांनी ते आणून टाकले, त्यांच्यासोबत वाळू आणि गोटेही. जमीन आम्लधर्मी आणि निकस. तिच्यावर वीत-दीड वीत उंचीची झुडपं दाटीवाटीनं उभी आहेत. ही रानटी ब्लूबेरी. ती कुणी लावलेली नाही. एका बीपासून उगवलेलं झुडूप जमिनीखालून खोडं पसरवत जातं आणि वर्षानुवर्षांनी त्याचा मोठा पट्टा होतो. इथले मूळ रहिवासी वाबानाकी लोक पूर्वापार या माळांना आग लावत आले, कारण जळलेल्या झुडपाला खालून नवे धुमारे फुटतात आणि ते भरभरून फळ धरतात. त्यांच्यातल्याच पासामाक्वोडी समाजाची आजही इथे कोलंबिया फॉल्सला ब्लूबेरीची मोठी शेती आहे. एका वर्षी छाटणी, दुसऱ्या वर्षी पीक, असं या शेतीचं दोन वर्षांचं चक्र. आपण पिकाच्या वर्षात आलो आहोत.

आता गुडघे टेका. उभ्यानं या शेतातलं महत्त्वाचं काहीच दिसत नाही.

झुडपांच्या बुडाशी मागच्या हंगामांचा पालापाचोळा आहे. वरचा थर कोरडा, खालचा ओला, त्याखाली शेवाळ. बोटांनी हळू बाजू करत जा. घाई नको. काड्या, तपकिरी पानं, एखादा किडा, पुन्हा पानं. मग बोटाला काहीतरी टणक लागेल. काळी, सुरकुतलेली, मिरीच्या दाण्याहून जराशी मोठी गोळी. तळहातावर घ्या. ही ब्लूबेरीच होती. तिच्यात आता फळाचं काही उरलेलं नाही. आतला गर बुरशीनं खाऊन टाकलाय आणि फळाच्या आकारात बुरशीच घट्ट होऊन बसली आहे. शेतकरी हिला ममी म्हणतात आणि रोगालाही ममी बेरीच म्हणतात. शास्त्रीय नाव मोनिलिनिया व्हॅक्सिनाय-कोरिम्बोसी. ब्लूबेरीच्या युरोपातल्या भावंडांवर याच कुळातले रोग पडतात. रशियन वैज्ञानिक मिखाईल वोरोनिन यांनी त्यांचा तपशीलवार अभ्यास १८८८ मध्येच प्रसिद्ध केला होता. म्हणजे ही जोडी नवी नाही. झुडूप इथलं आहे आणि त्याची बुरशीही इथलीच आहे.

ती गोळी हातात असू द्या आणि तिच्या हिवाळ्याचा विचार करा. ऑगस्टच्या तोडणीआधीच ती गळून पडली. तिच्यावर पानं पडली, पानांवर बर्फ पडला. महिनोन् महिने ती गोठणबिंदूच्या आसपास पडून राहिली. या थंडीत ती मरत नाही, उलट ही थंडी तिला लागतेच. पुरेसा गारठा मिळाल्याशिवाय ममी रुजत नाही. आता झुडपाकडे पाहा. त्याच्या कळ्यांनाही शेकडो तासांची थंडी लागते, ती भरली नाही तर कळी धड फुटत नाही. दोघांनी एकच हिवाळा सोसला, एकाच ओलीवर आणि एकाच उबेवर दोघं जागे होणार. या रोगाचं सगळं बळ या एकाच गोष्टीत आहे. कळी फुटण्याच्या वेळी बुरशी तयार असते, कारण दोघांनाही एकाच ऋतूनं उठवलेलं असतं.

अजून थोडं सरका, जिथे पाणी साचून जमीन चिंब राहते अशा खोलगट जागी. इथल्या एखाद्या ममीतून बारीक देठ वर आलेला दिसेल आणि त्याच्या टोकाला तपकिरी पेला. काही मिलिमीटर रुंद, मातीच्याच रंगाचा. नजर बसेपर्यंत दिसत नाही, आणि बसली की आजूबाजूला आणखी तीन-चार दिसतात. चेहरा जवळ न्या. कडा पातळ आहे, आतली बाजू गुळगुळीत. याच आतल्या बाजूला सूक्ष्म पिशव्या उभ्या रचलेल्या आहेत आणि प्रत्येक पिशवीत आठ बीजाणू. हवा जराशी हलली की ते उडतात. पेला फार दिवस जगत नाही. चार दिवस कोरडा वारा सुटला तर सुकून जातो. पण ओल टिकली तर नवे पेले येत राहतात, आणि हा सिलसिला काही आठवडे चालतो.

पेले शोधत अख्खा माळ पालथा घालणं कुणालाच शक्य नाही. म्हणून जाणते शेतकरी ऑगस्टमध्ये उफणणी यंत्रातून बाहेर पडलेल्या कचऱ्यातून ममी वेचतात आणि शेतातल्याच एका ओलसर जागी, जाळीखाली, पसरून ठेवतात. वसंतात रोज तेवढीच जागा बघायची. तिथे पेले दिसले की शेतातही कुठे तरी आलेच आहेत असं धरून चालायचं. मला या युक्तीत फार मोठं शहाणपण दिसतं. जिची भीती आहे तिलाच मूठभर जपून, डोळ्यांसमोर ठेवायचं.

आता मान थोडी वर करा आणि एक डहाळी निवडा. एकच. तिच्या टोकाकडच्या कळ्या टपोऱ्या आणि गोल, त्या फुलांच्या. खालच्या बारीक, टोकदार, त्या पानांच्या. हिवाळाभर कळीवरची खवलं घट्ट मिटलेली होती, तोवर बीजाणूला आत वाट नव्हती. आज फुलाच्या कळीची खवलं सुटायला लागली आहेत. त्यांच्यामधून आतल्या नाजूक भागाचं टोक दिसतंय, हिरवट, किंचित लालसर. पानाच्या कळीतून कोंब डोकावतोय. नाशिकचा द्राक्ष बागायतदार या टप्प्याला पोंगा अवस्था म्हणतो आणि त्या दिवसांत आभाळाकडे बघत बसतो. इथेही तेच आहे. ही कळी कालपर्यंत सुरक्षित होती. आणखी काही दिवसांनी तिचं पान पुरतं उलगडेल, निबर होईल, मग बीजाणूला ते सहजी दाद देणार नाही. मधले हे दिवस उघडे आहेत.

शेजारच्या पट्ट्यातली डहाळी बघा. तिची कळी अजून मिटलेली आहे. त्यापलीकडच्या पट्ट्यात पानं दिसू लागलीत. हा प्रत्येक पट्टा वेगळ्या बीपासून आलेला, वेगळ्या स्वभावाचा, वेगळ्या वेळी जागा होणारा. एकाच वाणाची लागवड असती तर सांगता आलं असतं, आज शेत या अवस्थेत आहे. इथे नाही सांगता येत. म्हणून शेतकरी माळभर फिरून वेगवेगळ्या पट्ट्यांतल्या डहाळ्या तपासतो आणि निम्म्याच्या आसपास झुडपांच्या कळ्या सुटल्या की सावध होतो. निम्मी म्हणजे सगळी नाहीत, हे त्याला माहीत असतं. काही झुडपं आधीच उघडी पडून गेली, काही मागाहून पडतील. सगळ्यांना सारखं जपणं होत नाही आणि ते मान्य करूनच पुढे जावं लागतं. या मान्य करण्यापाशी थोडं थांबा. शेती करणाऱ्यांना हे फार लवकर शिकावं लागतं. आपण बाकीचे आयुष्यभर त्याच्याशी झगडत राहतो.

ममी आहे, पेला आहे, सुटलेली कळी आहे. तरीही रोग पडेलच असं नाही. मधे पाणी लागतं.

बीजाणू कळीवर येऊन पडला आणि कळी कोरडी असेल तर तो काही करू शकत नाही. त्याला रुजायला पाण्याचा पातळसा पापुद्रा हवा, आणि तो काही तास सलग टिकायला हवा. किती तास, ते थंडीवर ठरतं. दोन अंश सेल्सियसच्या गारठ्यात दहाएक तास लागतात. दहा-बारा अंशांच्या हवेत पाच-सहा तास पुरतात, त्याहून थोडं उबदार असेल तर चारही. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातही हेच पीक आणि हाच रोग. तिथल्या संशोधकांनी झुडपं वेगवेगळ्या तापमानांत ओली ठेवून हे तासांचं गणित मांडलं. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. कळ्यांना हिमाचा तडाखा बसून गेलेला असेल तर लागण जास्त होते. पोळलेली कळी लवकर बळी पडते.

अशी एक रात्र डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळी सहा वाजता भुरभुर सुरू झाली. नऊला थांबली, पण वारा नाही, धुकं खाली उतरलंय. कळीच्या टोकावर थेंब तसाच आहे. अकरा वाजले. थेंब आहे. एक वाजला. घरात कुणीतरी झोपेत कूस बदलतं, उठून खिडकीशी जातं, काचेवरचा दमटपणा बोटानं पुसतं आणि तास मोजतं. सहा ते नऊ पाऊस, पुढे धुकं, म्हणजे आत्तापर्यंत सात तास झाले. तापमान आठ अंश. पहाटे चारला वारा सुटला तर? सहापर्यंत सुटलाच नाही तर? अवकाळीच्या रात्री पत्र्यावर पाऊस वाजायला लागल्यावर सांगली-नाशिककडच्या घरांतही माणसं अशीच उठून बसतात. तिथे रोग वेगळा, द्राक्षावरचा डाऊनी. पण पान किती तास ओलं राहिलं हा प्रश्न तोच आणि छातीतली धडधडही तीच.

त्या जागरणाशी थोडा वेळ बसा. स्वतःचं जागरण आठवलं तर आठवू द्या, पुन्हा त्या खिडकीशी या. या माणसाच्या हातात या क्षणी काय आहे? पाऊस त्याच्या हातात नाही. कळी त्यानं उघडली नाही, मिटवू शकत नाही. पेले कुठे कुठे आलेत ते अंधारात दिसणार नाहीत. उरतं ते मोजणं. मोजून काय होतं, असं वाटेल. मोजल्यानं भीतीला आकार येतो. फार पाऊस झाला, सगळं गेलं, हे वाक्य माणसाला झोपू देत नाही. आठ अंशांत नऊ तास ओलं राहिलं, कळ्या निम्म्या सुटल्यात, पेले परवा दिसले होते, या वाक्यावर सकाळी काम करता येतं. मेन विद्यापीठाचा विस्तार विभाग याच कामासाठी शेतांमध्ये छोटी हवामान केंद्रं लावतो. पान ओलं झालं की कळवणारी पट्टी त्यावर असते. तापमान आणि ओले तास जुळले की शेतकऱ्यांना इशारा जातो. पूर्वीचं एकट्याच्या खिडकीतलं मोजणं आता गावानं मिळून करायचं काम झालंय, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

आणि सकाळ होते. कळीवर काहीच दिसत नाही.

या रोगातली सर्वांत अवघड जागा ही. बीजाणू आत शिरला, तरी पुढचे दोनेक आठवडे झुडूप निरोगी दिसतं. डोळ्यांना दिसेल तेव्हा पान तपकिरी पडून मान टाकलेलं असेल आणि त्याला कुठलंच औषध परत हिरवं करणार नाही. फवारायचं असेल तर दिसण्याच्या आधी. प्रॉपिकोनॅझोल आपल्याकडे जळगावच्या केळीवाल्यांना करप्यासाठी ठाऊक आहे. तेच इथे या रोगासाठी वापरतात. ते आधी फवारलं तर काही दिवस राखण करतं आणि लागण होऊन गेल्यावरही बहात्तर तासांच्या आत पोचलं तर बुरशीला आतच अडवतं. बहात्तर तास म्हणजे तीन दिवस. त्यात जमीन ट्रॅक्टर चालण्याइतकी निथळली पाहिजे, वारा पडला पाहिजे, पुन्हा पाऊस नको. तीन दिवस वाटतात तेवढे मोठे नसतात.

म्हणून पुष्कळांना वाटतं, कशाला हा जीवाला घोर, दर आठ-दहा दिवसांनी मारून मोकळं व्हावं. हा मोह मी समजू शकतो. शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज असतं, वर्षाआड येणारं पीक असतं, आणि एक फवारणी चुकल्याचा पस्तावा तीन जास्तीच्या फवारण्यांपेक्षा जड वाटतो. तरी मला हे बरोबर वाटत नाही. कोरड्या आठवड्यात मारलेलं औषध झुडपाला काही देत नाही. खिशातून पैसा जातो, मातीत आणि पाण्यात ते उतरतं आणि एकाच गटाचं औषध पुन्हा पुन्हा मारलं तर बुरशी त्याला सरावण्याचा धोका राहतो. दुसऱ्या टोकाचा शेतकरी म्हणतो, अजून कुठे काय दिसतंय? त्याचंही चुकतं. दोघंही त्या एका कळीकडे बघायचं टाळतात. एकाची भीती त्याला बघू देत नाही, दुसऱ्याचा भरवसा. बघणं म्हणजे रोज सकाळी चिखलातून जाऊन गुडघ्यावर बसणं, आणि ते कंटाळवाणं असतं हे मी नाकारत नाही.

समजा, बघायचं राहून गेलं. दोनअडीच आठवडे सरले. मे संपत आलाय आणि फुलं उमलू लागली आहेत. पांढरी, कुठे गुलाबी झाक असलेली, खाली तोंड करून लोंबणारी इवलीशी घंटाफुलं. त्याच डहाळीवर एक पान वाळल्यासारखं दिसेल. मधली शीर आधी तपकिरी पडली, मग पान देठाशी वाकलं. हात लावा. अजून ओलसर आहे. देठाजवळ, शिरेच्या कडेनं राखाडी भुकटी धरली आहे. हे दुसऱ्या पिढीचे बीजाणू. हे वाऱ्यानंही उडतील, पण त्यांची खरी भिस्त दुसऱ्या कुणावर तरी आहे.

लेख बात्रा आणि सुझॅन बात्रा या दोघा संशोधकांनी १९८५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जे लिहिलं ते वाचून मी पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ नुसता बसलो होतो. हे मेलेलं पान फुलासारखं वागतं. त्यावर गोड स्राव येतो. त्याला वास येतो. आपल्या डोळ्यांना ते तपकिरीच दिसतं. पण मधमाश्यांना अतिनील प्रकाश दिसतो, आणि त्या प्रकाशात हे सडकं पान उठून दिसतं. माशी येते. पानावर उतरते, गोड चाटते, भुकटी अंगाला लागते. मग ती शेजारच्या खऱ्या फुलावर जाते.

इथे अगदी सावकाश चला.

माशी घंटाफुलाच्या तोंडाशी लटकली आहे. तिच्या अंगावर दुसऱ्या झुडपाचे परागकण आहेत. त्यांच्याशिवाय इथे फळ धरणार नाही. म्हणून तर वसंतात दूरदूरच्या राज्यांतून ट्रक भरभरून मधमाश्यांच्या पेट्या मेनमध्ये येतात आणि माळाच्या कडेनं मांडल्या जातात. त्याच अंगावर राखाडी भुकटीही आहे. फुलाच्या मधोमध कुक्षी आहे, चिकट, परागाची वाट बघणारी. माशीचं अंग तिला घासतं. परागकण चिकटतो. बीजाणूही चिकटतो. परागकण रुजतो, त्याला नळी फुटते आणि ती कुक्षीखालच्या दांड्यातून बीजांडाकडे निघते. बीजाणूही रुजतो, त्यालाही धागा फुटतो आणि तो त्याच वाटेनं, तशाच सरळ रेषेत खाली जातो. जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली हा प्रवास पाहिला. परागाचं इतकं हुबेहूब सोंग बुरशीनं घ्यावं याचं नवल त्यांच्या लेखनातही लपत नाही. फूल त्या धाग्याला अडवत नाही. ज्याच्यासाठी ते उमललं त्याच्याच वाटेनं तो आलाय. नुकत्याच उमललेल्या फुलाला हा धोका जास्त, चार-पाच दिवस उलटले की कमी.

माशीवर राग येतोय का, बघा. येत असेल तर थोडा वेळ येऊ द्या. मग तिच्या बाजूनं बघा. ती पहाटेच्या गारठ्यात पेटीतून बाहेर पडली, जे गोड दिसलं त्यावर गेली. तिच्याकडे खरं फूल आणि सोंगातलं फूल वेगळं ओळखायचं साधन नाही. तिला थांबवलं तर रोग थांबेल आणि पीकही थांबेल. म्हणून या टप्प्यावर शेतकऱ्याचे हात बरेचसे बांधलेले असतात. फुलोऱ्यात औषध निवडताना मधमाशीचा विचार आधी करावा लागतो. फवारणी करायचीच झाली तर माश्या पेटीत परतल्यावर, संध्याकाळी उशिरा किंवा रात्री. एका भेटीत पीक आणि रोग दोन्ही येतात आणि दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. मला याचं उत्तर सापडलेलं नाही आणि ते सापडलंच पाहिजे असंही आता वाटत नाही. एवढं मात्र कळतं की या दुसऱ्या टप्प्याची लढाई पहिल्याच टप्प्यात लढायची असते. कळीच्या दिवसांत पान वाचलं तर मेच्या अखेरीस माशीच्या वाटेत सोंग घेऊन उभं राहायला कुणी नसतं.

जमिनीचं काय, ते थोडक्यात पाहू. मेनमध्ये आग ही जुनी उपाययोजना. छाटणी म्हणून लावलेल्या आगीत पाचोळ्याबरोबर बऱ्याच ममीही जळतात. पुढे इंधन महागलं तशी पुष्कळ शेतकऱ्यांनी आग सोडून यंत्रानं कापणी सुरू केली. खर्च वाचला, पण पाचोळा राहिला आणि त्याच्यासोबत रोगही वाढला. जिथे सेंद्रिय शेती आहे तिथे आग अजून टिकून आहे, आणि त्यामागे ठोस कारण आहे. न्यू जर्सीतली ब्लूबेरी वेगळी, पुरुषभर उंच झुडपांची, ओळीत लावलेली. व्हाइट्सबॉगला एलिझाबेथ व्हाइट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी रानातली निवडक झुडपं माणसाळवली आणि १९१६ मध्ये पहिलं पीक बाजारात पाठवलं, तिथून ही लागवड वाढली. न्यू जर्सीतली मराठी कुटुंबं जून-जुलैत मुलांना घेऊन बादल्या भरायला जातात, ती हीच झुडपं. हाच रोग त्यांच्यावरही येतो. पण ओळींमधली माती हलवता येते, म्हणून ममी इंचभर मातीखाली गाडतात, किंवा पेले येण्याआधी झुडपांच्या बुडाशी लाकडाच्या भुश्याचा पाच सेंटिमीटरचा थर देतात. ममी रुजते, पण देठ वर पोचत नाही. रानटी माळावर हे जमत नाही. तिथे माती हलवणं म्हणजे झुडपाची जमिनीखालची खोडंच तोडणं. पाण्याचा निचरा मात्र दोन्हीकडे करता येतो. चिंब जागा कमी, तर पेले कमी.

आणखी एका बुरशीचं नाव घेतलं पाहिजे, बोट्रायटिस, करडी बुरशी. फुलं उमलल्यावर समुद्राकाठच्या शेतांत दिवसेंदिवस धुकं बसलं की ती फुलांवर चढते. हिमानं पोळलेली फुलं तिला आधी सापडतात. वरवर बघणाऱ्याला दोन्ही रोग सारखेच वाटतात, तपकिरी पडलेली फुलं. पण जवळून बघा. करड्या बुरशीचे उभे, केसांसारखे धागे फुलावर दिसतील. ममी बेरीची भुकटी पानाच्या देठाशी आणि शिरेवर असते. करड्या बुरशीची वेळ वेगळी, तिला लागणारे ओले तासही जास्त. पहिल्या रोगाच्या भीतीनं दुसऱ्याचं औषध मारायचं, असं होता कामा नये.

आता एखादा कोरडा वसंत कल्पून पाहा. पेले आले. कळ्या सुटल्या. पाऊस पडला, पण दुपारी, आणि तासाभरात वाऱ्यानं झुडपं वाळली. दुसऱ्यांदा पडला तेव्हा तीन तास ओलं राहिलं, सहा अंशांत. पुरेसं नव्हतं. शेतकरी रोज गेला, गुडघ्यावर बसला, वहीत लिहिलं आणि फवारणी केली नाही. कळ्यांची पानं झाली. हंगामातलं सर्वांत कठीण काम हे असतं, सगळी तयारी असताना हात आवरणं. त्याचं कौतुक कुणी करत नाही, कारण झालं काहीच नाही. त्या न झालेल्या गोष्टीपाशी तुम्ही तरी थोडा वेळ बसा. टाकीत पाणी भरलेलं आहे, औषधाचा डबा मांडणीवर न फोडलेला आहे, आणि पेट्यांमधून माश्या बाहेर पडताहेत.

जुलै उजाडतो. रोगट फळ आधी निरोगी फळाबरोबरच वाढतं, हिरवं, गोल. इतर फळं निळी व्हायला लागली की ते वेगळं पडतं. फिकट, मातकट गुलाबी होतं, चिमटतं. कापून पाहिलं तर बियांच्या जागी पांढरी बुरशी गच्च भरलेली. आणि बहुतेक अशी फळं तोडणीच्या आधीच खाली गळतात. त्यामुळे ऑगस्टमध्ये दातेरी सुपड्यांनी झुडपं ओरबाडली जातात तेव्हा पेट्यांतला माल स्वच्छ, निळा दिसतो. वजन थोडं कमी भरलं तर दोष पावसाला जातो, मधमाश्यांना जातो. तेवढ्यावर शेतातून परतू नका. पेट्या भरून गेल्यावर, झुडपं मोकळी झाली की त्याच माळावर पुन्हा एक चक्कर मारा. खोलगट जागी पाचोळा बाजूला करून हातभर जागेतल्या ममी मोजा, आणि नकाशावर त्या कोपऱ्यांना खूण करा. काही ममी एका हिवाळ्यात रुजतात, काही दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत तग धरतात. थोड्या वेचून जाळीखाली ठेवा, बर्फ पडायच्या आधी.